एकट्याने भौतिकशास्त्र शिकताना चूक दाखवणार कोण?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. पदवी वेगळ्या शाखेची, पण काही वर्षांपासून भौतिकशास्त्र आणि गणित तुम्ही स्वतःच शिकताय. इंटरनेटवरची व्याख्यानं पाहिलीत, पाहताना सगळं कळतं, पण गणितं सोडवायला बसलं की पहिल्याच ओळीवर गाडी अडते. व्यापक सापेक्षतेपर्यंत (म्हणजे आइनस्टाइन यांच्या गुरुत्वाकर्षणाच्या सिद्धान्तापर्यंत) पोचायचंय, त्यासाठी गणित किती लागेल आणि ते आधी संपवायचं की बरोबरीनं शिकायचं, हे विचारलंय. शिवाय तुमची स्वतःची एक शंका आहे: वेग प्रकाशाच्या जवळ गेला की वस्तुमान वाढतं आणि लांबी आकसते, म्हणजे घनता वाढतच जाणार, मग प्रत्येक वेगवान वस्तूचं कृष्णविवर का होत नाही? सापेक्षतेत गफलत तर नाही? ज्यांना ज्यांना हे विचारलं त्यांनी ‘आधी गणित शिका’ म्हणून वाटेला लावलं, आणि त्याचा तुम्हाला राग आलाय. कॉलेजशिवाय हे जमेल का, हा शेवटचा प्रश्न.

मी बरीच वर्षं भौतिकशास्त्र शिकवत आले आहे आणि स्वतःहून शिकणाऱ्या लोकांशी पत्रव्यवहारही खूप झाला आहे. त्यावरून सांगते, तुमची खरी अडचण पुस्तकांच्या क्रमाची नाही. क्रम कुणीही सांगेल. वर्गात बसणाऱ्या विद्यार्थ्याला एक गोष्ट फुकट मिळते आणि तुम्हाला मिळत नाही: तो चुकला की कुणीतरी त्याला तसं सांगतं. वहीवर लाल रेघ येते, शेजारचा म्हणतो ‘माझं उत्तर वेगळं आलंय’, प्रयोगशाळेत काटा भलतीकडेच जातो. एकट्यानं शिकणाऱ्याला हा विरोध होत नाही. व्याख्यान तर कधीच तुमचं चुकलं म्हणत नाही. ते पुढं सरकतं, तुम्ही मान डोलावता. पण मैफलीत योग्य जागी मान डोलावता येणं वेगळं आणि स्वतः सूर लावणं वेगळं. तेव्हा ‘काय शिकू’ याच्या आधी ‘माझं चुकलंय हे मला कळणार कसं’ याची सोय लावा. बाकीचं पुष्कळसं त्यातून सुटतं.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, आणि त्या प्रश्नात आलेल्या नाहीत. आठवड्यात पाच तास मिळतात की वीस? शाळेचं बीजगणित आणि त्रिकोणमिती हाताला आहे की पुसली गेलीय? आणि पोचायचंय कुठं: आनंदासाठी समजून घ्यायचंय, प्रवेश परीक्षा द्यायचीय, की संशोधन करायचंय? मी पहिलं धरून चालते. बीजगणित कच्चं असेल तर कमीपणा न मानता तिथून सुरुवात करा. पहिल्या ओळीवर अडणाऱ्यांपैकी निम्मे लोक भौतिकशास्त्रात अडलेले नसतात, ते अपूर्णांक आणि घातांकांतच अडलेले असतात.

आता कृष्णविवराची शंका. ती टाकाऊ मुळीच नाही, आणि तिचं उत्तर द्यायला टेन्सर, म्हणजे व्यापक सापेक्षतेचं अवघड गणित, लागत नाही. म्हणून ‘आधी गणित शिका’ हे उत्तर मला पटलं नाही. सापेक्षतेचं पहिलं तत्त्व घ्या: एकसमान वेगानं जाणाऱ्या कुठल्याही चौकटीतून (म्हणजे त्या वेगानं जाणाऱ्या निरीक्षकाच्या जागेवरून) पाहिलं तरी भौतिकीचे नियम तेच. अंतराळातून येणारे वैश्विक किरणांतले प्रोटॉन प्रकाशाच्या अगदी जवळच्या वेगानं पृथ्वीवर आदळत असतात. अशा एखाद्या प्रोटॉनच्या बाजूनं पाहिलं तर तो स्थिर आहे आणि तुम्ही, खुर्ची, पृथ्वी सगळे त्याच्याकडे त्या वेगानं येताय. प्रोटॉनचा वेग मनातल्या मनात हवा तितका वाढवा. तुमचं कृष्णविवर झालं का? कृष्णविवर झालं की नाही, हे बघणाऱ्यावर अवलंबून असूच शकत नाही. कृष्णविवराच्या सीमेच्या, म्हणजे क्षितिजाच्या, आत गेलेला प्रकाश बाहेर येत नाही, आणि ‘आला’ की ‘नाही आला’ यावर सगळ्या निरीक्षकांचं एकमत व्हावंच लागतं. तुमच्या स्वतःच्या चौकटीत तुम्ही आरामात बसलेले आहात, म्हणजे कुणाच्याच चौकटीत कृष्णविवर नाही.

मग शंका आली कुठून? ‘वस्तुमान वाढतं’ या लोकप्रिय वाक्यातून. आजचे बहुतेक भौतिकशास्त्रज्ञ तसं म्हणत नाहीत. वस्तुमान तेच राहतं, वाढतात त्या ऊर्जा आणि संवेग. १९४८ साली लिहिलेल्या एका पत्रात खुद्द आइनस्टाइन यांनीही वेगानुसार बदलणारं वस्तुमान आणणं चांगलं नाही, असं म्हटलं होतं. गुरुत्वाकर्षणाच्या समीकरणांत उगमाच्या जागी एकटी ऊर्जा नसते. संवेग, दाब, त्यांचे प्रवाह असं सगळं असतं, आणि धावत्या वस्तूच्या बाबतीत या सगळ्यांचा हिशेब असा जुळतो की नुसत्या धावण्यानं काही कोसळत नाही. (दोन वस्तू समोरासमोर प्रचंड ऊर्जेनं आदळल्या तर गोष्ट वेगळी. तिथं ऊर्जा कुठलीही चौकट निवडून नाहीशी करता येत नाही.) हा शेवटचा हिशेब प्रत्यक्ष करायला मात्र खरंच गणित लागेल. पण उत्तर ‘नाही’ आहे एवढं ठरवायला तत्त्व नीट लावणं पुरेसं होतं. अशी शंका पुन्हा आली की आधी हेच करा: ज्या सिद्धान्तात गफलत सापडली असं वाटतं, त्याच सिद्धान्ताचं मूळ गृहीतक घेऊन आपला निष्कर्ष त्यावर घासून बघा.

आता लाल रेघेची सोय कशी करायची, ते एका उदाहरणावर दाखवते. उदाहरण मुद्दाम साधं घेतलंय. एक मीटर दोरीचा लंबक.

पुस्तक उघडण्याआधी कागदावर लिहा: आवर्तकाल, म्हणजे एका पूर्ण झोक्याला लागणारा वेळ, कशावर अवलंबून असू शकतो? दोरीची लांबी, गुरुत्व त्वरण, गोळ्याचं वस्तुमान, किती अंशावरून सोडला तो कोन. उत्तर सेकंदात हवं. वस्तुमानाचं एकक किलोग्रॅम, आणि ते खोडून काढायला बाकी कुणाकडंच किलोग्रॅम नाही, म्हणजे वस्तुमान सूत्रात येऊच शकत नाही. लांबी भागिले त्वरण केलं की सेकंदाचा वर्ग उरतो, म्हणजे त्याचं वर्गमूळ घ्यावं लागणार. एकही समीकरण न सोडवता जवळजवळ सगळं सूत्र हातात आलं. फक्त ‘दोन पाय’ (२π) हा गुणक आणि कोनाचा परिणाम असा कळत नाही. मग टोकं तपासा: गुरुत्व शून्याकडं नेलं तर आवर्तकाल अनंत होतो, लंबक परत येतच नाही. बरोबर. अवघड गणितात चार पानं खरडून आलेल्या उत्तरावरही हीच दोन हत्यारं चालतात, एककं आणि टोकं. त्यांच्यापुढं निम्म्या चुका तिथंच उघड्या पडतात.

पुढं पुस्तक म्हणतं, ‘कोन लहान असेल तर साइन थीटा म्हणजे जवळपास थीटा’, आणि झरझर सूत्रावर येतं. एक मीटरला २.०१ सेकंद. व्याख्यान पाहणारे सगळे इथून पुढं जातात. तुम्ही इथंच थांबा. लहान म्हणजे किती लहान? ३०° चालेल? ९०°?

स्प्रेडशीट उघडा. चार रकाने: वेळ, कोन, कोनीय वेग, ऊर्जा (कोनीय वेगाच्या वर्गाचा अर्धा, अधिक ९.८ गुणिले ‘एक वजा कोसाइन थीटा’). प्रत्येक ओळ ०.०१ सेकंदानं पुढं. कोनीय त्वरण म्हणजे उणे ९.८ गुणिले साइन थीटा. नव्या ओळीचा कोन म्हणजे जुना कोन अधिक जुना वेग गुणिले ०.०१, नवा वेग म्हणजे जुना वेग अधिक जुन्या कोनावरून काढलेलं त्वरण गुणिले ०.०१. कोन रेडियनमध्येच द्या. साइनला अंश खायला घातले की काय काय येतं ते एकदा बघायला हरकत नाही. १०° वरून लंबक सोडा आणि हजार ओळी खाली ओढा.

दहा सेकंदांनी तुमचा लंबक १०° ऐवजी जवळपास १६° पर्यंत जाताना दिसेल. त्याला कुणी ढकललं नाही. ऊर्जेच्या रकान्यात आकडा अडीच पटीहून जास्त झालेला असेल. उत्तरांची यादी नाही, शिक्षक नाही, तरी तुम्हाला कळलं की कुठंतरी चूक आहे, कारण ऊर्जा वाढायला नको होती. ही तुमची लाल रेघ. आता कारण शोधा, आणि ते शोधताना जे शिकाल ते व्याख्यानात मिळणार नाही. आपण प्रत्येक पावलावर शिळी माहिती वापरतोय: जुन्या वेगानं कोन हलवला आणि जुन्याच कोनानं वेग. त्यामुळं दर पावलाला ऊर्जा साधारण हजारातल्या एका भागानं वाढते, आणि हजार पावलांत ती सुमारे २.७ पट होते. एकच दुरुस्ती करा: आधी नवा वेग काढा आणि कोन हलवायला तो नवा वेग वापरा. ऊर्जा जागेवर राहते, किंचित थरथरते एवढंच. आता ९०° वरून सोडा. आवर्तकाल सुमारे २.३७ सेकंद येईल, म्हणजे पुस्तकी सूत्रापेक्षा १८ टक्के जास्त. ३०° ला फरक १.७ टक्के, १०° ला ०.२ टक्के. ‘लहान कोन’ या दोन शब्दांचा अर्थ आता तुम्हाला आकड्यांत माहीत आहे.

एका संध्याकाळचं काम आहे. त्यात यामिकी (मेकॅनिक्स) आली, डिफरन्शियल इक्वेशन आली, ऊर्जेची अक्षय्यता आली, आणि संगणकावरचं उत्तर डोळे मिटून खरं मानायचं नाही हेही आलं. वीस व्याख्यानं कमी पाहा, पण अशी गणितं करा.

व्याख्यानं बंद करा असं मी म्हणत नाही. पण त्यांचा वापर उलटा करा. विषयाचं नाव कळलं की व्हिडिओ थांबवा, सिद्धता स्वतः करायचा प्रयत्न करा, अडलात की तेवढाच तुकडा बघा, पुन्हा थांबवा. दुसऱ्या दिवशी कोऱ्या कागदावर पहिल्या ओळीपासून लिहा. ज्या ओळीवर हात थांबेल ती ओळ काल कळली नव्हती. सोडवलेल्या उदाहरणांनाही हाच नियम. उत्तर बघण्याआधी आपलं उत्तर लिहून त्याखाली रेघ मारायची. मनातल्या मनात ‘हो हो, असंच येणार होतं’ हे स्वतःची फसवणूक करायचं सगळ्यात सोपं साधन आहे.

गणित आधी की भौतिकशास्त्र? बरोबरीनं. कॅलक्युलस यामिकीच्या हातात हात घालून वाढला, त्यामुळं वेग आणि त्वरणाशिवाय तो शिकणं उगाचच कोरडं होतं. वाट साधारण अशी: कॅलक्युलस आणि यामिकी एकत्र, मग सदिश, डिफरन्शियल इक्वेशन्स, मग विद्युतचुंबकत्व आणि त्यासोबत सदिशांचा कॅलक्युलस. लिनिअर अल्जिब्राला स्वतःहून शिकणारे लोक टाळतात, कारण त्यात चटकदार काही दिसत नाही. पण क्वांटम मेकॅनिक्स मुळात त्यावरच उभं आहे, तेव्हा ते लवकर हातात घ्या. विशेष सापेक्षतेला (गुरुत्वाकर्षण बाजूला ठेवून वेग, वेळ आणि लांबीबद्दल बोलणारी ती) शाळेचं बीजगणित जवळपास पुरतं, तिच्यासाठी थांबू नका. व्यापक सापेक्षतेला वक्र अवकाशाची भूमिती लागते, आणि ती शेवटी. आइनस्टाइन यांनाही ती आधीपासून येत नव्हती. १९१२ मध्ये गरज पडल्यावर ते गणितज्ञ मित्र मार्सेल ग्रोसमन यांच्याकडे गेले, दोघांचा पहिला आराखडा १९१३ मध्ये आला, आणि समीकरणं अंतिम रूपात यायला नोव्हेंबर १९१५ उजाडला. तुम्हाला हे सगळं व्हायला काही वर्षं लागतील. किती, हे आठवड्याच्या तासांवर. घाईत टेन्सरवर उडी मारलेले लोक मी पाहिलेत. त्यांना खाली-वर निर्देशांक हलवता येतात, पण घसरणीवरून घरंगळणाऱ्या गोळ्याचं गणित सुटत नाही.

कॉलेजशिवाय जमेल का? समजून घेण्यापुरतं, निःसंशय. संशोधनासाठी मात्र कधीतरी माणसांत जावंच लागतं, आणि एकट्यानं शिकलेल्यांची जी मोठी नावं सांगितली जातात त्यांच्याच कहाणीत हे स्पष्ट दिसतं. मायकेल फॅरडे पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करत. १८१२ मध्ये त्यांनी रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्ही यांची व्याख्यानं ऐकली, टिपणं काढून बांधली आणि डेव्हींनाच पाठवली. पुढच्या वर्षी त्यांना लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशन या विज्ञानसंस्थेत काम मिळालं. त्यांना गणित फारसं येत नव्हतं, पण चूक दाखवायला प्रयोगाचं टेबल होतं. रामानुजन यांच्याकडे तेही नव्हतं. गणिताच्या ज्या संग्रहावर ते वाढले त्यात हजारो निकाल होते, पण सिद्धता नावापुरत्या. १६ जानेवारी १९१३ च्या पत्रात त्यांनी केंब्रिजचे गणितज्ञ हार्डी यांना जे निकाल पाठवले त्यांत काही आधीच माहीत असलेले होते, काही थक्क करणारे नवे होते, आणि मूळ संख्यांबद्दलचे काही दावे चुकीचे होते. मूळ संख्यांच्या अभ्यासात वापरल्या जाणाऱ्या झीटा फलनाची सदसत् (कॉम्प्लेक्स) शून्यं नसतीच तर जे खरं ठरलं असतं, साधारण तसं त्यांनी लिहिलं होतं. एवढ्या प्रतिभेलाही ती फट आतून दिसली नाही. ती दाखवायला हार्डी आणि त्यांचे सहकारी लिटलवुड लागले. आपण तर साधी माणसं.

म्हणून विचारत राहा, पण विचारायची शिस्त पाळा. ‘माझा सिद्धान्त बघा’ म्हणून वीस पानं पाठवली तर कुणी वाचत नाही. त्यात नेहमीच उर्मटपणा असतो असं नाही, वीस पानांतली चूक शोधणं हे खरोखर कष्टाचं काम आहे. प्रश्न लहान करा. ‘इथवर मी असं केलं, या ओळीत हे पद धन येतं, पुस्तकात ऋण आहे, मी असं असं तपासलं’ एवढं लिहिलं तर जाणकार माणूस दोन मिनिटांत उत्तर देतो, आणि आनंदानं देतो. बऱ्याचदा असं लिहितानाच तुम्हाला चूक सापडेल. चॅटबॉटला विचारायला हरकत नाही, पण त्याची एक खोड लक्षात ठेवा: तो तुमच्या होला हो चटकन मिळवतो, आणि चुकीची पायरीही तितक्याच सफाईनं लिहितो. ‘माझं बरोबर आहे ना’ असं न विचारता ‘यात चूक शोध’ म्हणा, आणि त्यानं दिलेल्या उत्तरालाही एककं आणि टोकं लावाच.

तुमच्या शंकेवरून दिसतं की विशेष सापेक्षतेचं वाचन भरपूर झालंय. तेव्हा लंबकानंतर हे गणित करा. म्यूऑन नावाचे कण वातावरणात वर तयार होतात. उंची १५ किलोमीटर धरा. स्थिर असताना त्यांचं सरासरी आयुष्य २.२ मायक्रोसेकंद. वेग प्रकाशाच्या ०.९९५ पट. हवेतून येताना ऊर्जा खर्च होते, ती तूर्त सोडून द्या, नाहीतर आकडे बदलतील. आधी सापेक्षता न लावता काढा की जमिनीपर्यंत किती हिस्सा पोचेल. साधारण एक हजार कोटींत एक असं काहीतरी यायला हवं. मग जमिनीवरून बघा: म्यूऑनचं घड्याळ सुमारे दहापट हळू चालतंय. साधारण दहातला एक पोचतो असं दिसेल. आणि मग, हे महत्त्वाचं, तेच सगळं म्यूऑनच्या चौकटीत बसून पुन्हा करा. तिथं त्याचं घड्याळ बरोबर चालतंय, पण वातावरणच आकसून दीड किलोमीटरचं झालंय. दोन्हीकडून हिस्सा तोच यायला हवा, कारण जमिनीवर किती म्यूऑन मोजले गेले यावर मतभेद होऊ शकत नाही. जुळला नाही तर दोन्ही कागद शेजारी ठेवून कुठली ओळ बिनसली ते शोधा. तरीही अडलात तर त्या ओळीसकट इथंच लिहा, मी बघेन.